वरकस माळ आणि त्यावरील वनस्पती

कुंडलिका नदीच्या परिसरांत, रोहे शहराच्या शेजारीं, वरसे नांवाचें गांव आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यांतील, बहुतेक गांवांप्रमाणें याहि भागांत जमिनीच्या तीन पायऱ्या आढळतात. खालीं भाताचीं खाचरें, वर डोंगरावरील रान, आणि या दोहोंच्या मध्यें उताराची, मुरमाड, गवताळ जमीन. या मधल्या जमिनीस येथील लोक वरकस म्हणतात. सरकारी दप्तरांत माळाच्या वांट्यास आलेले शब्द मात्र फारसे मानाचे नाहींत: पड, पोटखराबा, फार तर गुरचरण. १९८५ सालीं दिल्लीस राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघालें. जिच्यावर पीक नाहीं व झाडहि नाहीं ती जमीन वायां गेली, हा समज त्याच्याहि पूर्वींचा, परंतु अशा नांवांनीं तो अधिकच पक्का झाला.

चैत्र-वैशाखांत माळाकडे पाहणारास हा समज खरा वाटेल. तांबूस-करडी माती, करपलेले बुडखे, अधूनमधून वणव्याचा काळा पट्टा. यापलीकडे कांहीं दिसत नाहीं. परंतु रोह्या-पेणच्या बाजारांत ज्येष्ठाच्या सुमारास कातकरी व ठाकूर बायकांच्या टोपल्या येऊं लागल्या, कीं माळ रिकामा नव्हता हें कळतें. प्रथम येतें शेवळ. त्याच्याबरोबर काकडाचीं आंबट फळें घ्यावीं लागतात, नाहींतर घसा खाजतो, हें येथील गृहिणींस सांगावें लागत नाहीं. दोन-चार सरी पडल्या कीं फोडशी येते. तिलाच कोणी कुली म्हणतात. या दोन्ही भाज्या कंदांच्या आहेत. आठ महिने त्यांचा संसार जमिनीखालीं चालतो, आणि वर आपण पाय देऊन जात असतों.

तेथून पुढें माळाचें पंचांगच सुरू होतें. गवताच्या बुडाशीं काळ्या मुसळीचीं पिवळीं चांदणीसारखीं फुलें जमिनीस टेकून उमलतात. रानहळद पानें पसरते. आषाढांत आमरीचे हिरवट-पांढरे तुरे दिसतात. श्रावणांत तेरडा आणि कवला. आणि जेथें खडकावर बोटभर माती व तिच्यावर सतत झिरपणारें पाणी असतें तेथें सीतेच्या आसवांचीं निळीं फुलें व गेंदाचीं पांढरीं बोंडें. सीतेची आसवे ही वनस्पति किडे खाते. अशा धुपलेल्या जमिनींत नत्र मिळत नाहीं, तें ती किड्यांपासून मिळविते. आश्विनांत गवतें निसवतात. पवन्या, मारवेल, आणि धोतरास चिकटणारी ती कुसळी. कुसळीचें कूस ओलें झालें कीं आपोआप सुटतें व वाळलें कीं पिळतें, आणि टोंकाचें बीज गिरमिटाप्रमाणें मातींत रुततें. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर १९३५ सालीं एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण ज्याला एका शब्दांत गवत म्हणतों त्याच्यासाठीं एक ग्रंथ लागला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

एवढ्या जाती हातभर जागेंत नांदतात कशा? याचें उत्तर प्रकाशांत आहे. उंच गवतास मोकळीक मिळाली कीं तें खालच्या लहान रोपांचें ऊन हिरावून घेतें. चार्लस डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत एक साधा प्रयोग नमूद केला आहे. तीन फूट रुंद व चार फूट लांब अशा कापलेल्या हिरवळीच्या तुकड्यांत वीस जाती होत्या. तो तुकडा कापणें थांबवून मोकळा वाढूं दिला, तेव्हां त्यांपैकीं नऊ नाहींशा झाल्या. दीडशें वर्षांनीं, २००९ मध्यें, झूरिक येथील संशोधकांनीं खत घातलेल्या गवताच्या बुडाशीं दिवे लावून पाहिलें. बुडाशीं उजेड मिळाल्यावर लहान जाती टिकल्या. म्हणजे कापणी, चराई किंवा उणी जमीन यांपैकीं कशानें तरी बलिष्ठास आवर बसला पाहिजे.

कोंकणांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. येथें कांहींच केलें नाहीं, तर बऱ्याच माळांवर झुडपें चढतील. पातळ मातीचे कातळ सोडले, तर पुष्कळसा वरकस माळ माणसाच्या हातानें राखला गेलेला आहे. भाताच्या रोपांकरितां राब भाजावयाचा, त्यासाठीं पाला व गवत येथूनच येई. कांहीं वर्षें नाचणी व वरी घ्यावयाची, मग जमीन पुन्हां गवतास सोडून द्यावयाची. उरलेलें गवत दिवाळीनंतर विळ्यानें कापीत. तोंवर बहुतेक वनस्पतींचें बीज गळून गेलेलें असे. ठाणें-कुलाब्याकडील गवतास मुंबईंत गिऱ्हाईक होतें. तेथें १८७४ पासून ट्रामहि घोडे ओढीत. विजेची ट्राम आली १९०७ सालीं. पुढें म्हशींचे तबेलेहि शहराबाहेर जाऊं लागले, आणि १९४९ सालीं आरे येथें दूध वसाहत उभी राहिली. गिऱ्हाईक कमी झालें तसा विळाहि मागें पडला.

त्यानंतरचे बदल निरनिराळ्या दिशांनीं आले. रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. १९८६ मध्यें दिव्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण होऊन रोहे हें तिचें उत्तरेकडील टोंक ठरलें. जमीन ही पिकापेक्षां भूखंड म्हणून अधिक मोलाची झाली. बिगरशेती परवाना मिळाला कीं जेसीबी यंत्र दोन दिवसांत उतार सपाट करतें, आणि वरची वीतभर माती, जींत सारे कंद व सारें बीज, मुरमाबरोबर भरावास जाते. मग शहरांतील मालक तेथें बंगली बांधतो व भोंवतीं एकाच जातीच्या गवताची हिरवळ लावून तिला नळानें पाणी घालतो! निसर्गाच्या सान्निध्यासाठीं दिलेली ही किंमत थोडी नव्हे.

१९९० पासून रोजगार हमीच्या जोडीनें फळबागांची योजना आली आणि कोंकणांत आंबा व काजू यांची लागवड फार वाढली. शेतकऱ्यास त्यानें चार पैसे मिळाले; त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. तथापि बागेंतील खड्डे, खत आणि सावली या तिन्ही गोष्टी माळावरच्या रोपांस मानवणाऱ्या नाहींत. खताचा परिणाम तर इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८५६ पासून मोजला जात आहे. लॉज व गिल्बर्ट यांनीं एका कुरणाचे तुकडे पाडून कांहींस निरनिराळीं खतें घातलीं व कांहीं तसेच ठेवले. बिनखताच्या तुकड्यांवर आजहि सुमारें चाळीस जाती सांपडतात; अमोनियम सल्फेट सतत दिलेल्या, आम्ल झालेल्या तुकड्यांवर दोन-तीनच उरल्या. गवत तेथें वाढलें, गवताळ रान मात्र गेलें.

सर्वांत अवघड प्रश्न वृक्षारोपणाचा आहे, कारण तेथें हेतु शुद्ध असतो. शाळा, मंडळें, कारखाने, सर्वच पावसाळ्यांत कुदळी घेऊन निघतात, आणि मोकळी जागा म्हणून त्यांस माळच दिसतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी किंवा गिरिपुष्प यांचे एकसुरी मळे उठले कीं खालीं गळलेल्या पानांचा थर सांचतो व उजेड जातो. तुटलेलें जंगल भरून काढण्यास झाड लावावें, बांधावर लावावें, रस्त्याच्या कडेस लावावें. ज्या माळावर सीतेची आसवे फुलते तेथें लावूं नये. हें मत पुष्कळांस रुचत नाहीं. तरीहि तें बोललें पाहिजे.

याच्या उलट, नुसता हात काढून घेतल्यानेंहि माळ वांचत नाहीं. गुरें कमी झालीं, नांगराच्या बैलाजागीं पॉवर टिलर आला, कापणी थांबली, तेथें अमेरिकेंतून आलेली रानमोडी आणि घाणेरी यांनीं कडा व्यापल्या. सातारा जिल्ह्यांतील कास पठार २०१२ मध्यें पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गेलें. तेथें संरक्षणासाठीं कुंपण घातल्यावर गुरें थांबलीं, गवत माजलें व फुलें कमी झालीं, असा तेथील गांवकऱ्यांचा आक्षेप होता.

एकदां मोडलेला माळ पुन्हां होतो कीं नाहीं? आशिष नेर्लेकर व जोसेफ वेल्डमन यांनीं २०२० सालीं सहा खंडांतील अभ्यास एकत्र करून पाहिले. नांगरट किंवा लागवड होऊन गेल्यानंतर उगवलेल्या गवताळ रानांत मूळच्यापेक्षां सरासरी ३७ टक्के जाती कमी आढळल्या, आणि पूर्वींची संख्या भरून येण्यास निदान शंभर वर्षें, बहुधा त्याहून कितीतरी अधिक, लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. गवत एका पावसांत हिरवें होतें, म्हणून हें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं.

फोडशी खुडणारी जाणती बाई पानें घेते व कंद जागच्या जागीं ठेवते, म्हणून पुढच्या ज्येष्ठांत ती पुन्हां त्याच उतारावर येते. उतार सपाट झाला असेल तर ती आणखी वर जाते. टोपली तीच असते. बाजारास पोहोंचावयास तिला उशीर होतो, आणि जुड्या थोड्या लहान बांधलेल्या असतात.