निकोला लेमरी : रसायनाचें गुपित फोडणारा



आज आम्ही ज्या पुरुषाविषयीं बोलणार आहों त्याचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें नसेल. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ म्हटला कीं लाव्हाझिए याचें नांव पुढें येतें, व तें योग्यच आहे. पण लाव्हाझिएच्या जन्मापूर्वीं २८ वर्षें वारलेल्या निकोला लेमरीनें हें शास्त्र किमयागारांच्या कोठडींतून चारचौघांत आणलें, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

लेमरी १६४५ सालीं रूआं शहरीं एका प्रॉटेस्टंट घराण्यांत जन्मला. औषधें करण्याचें काम तो तेथेंच एका नातलगाच्या दुकानांत शिकला. १६६६ सालीं तो पॅरिसला ग्लासर नांवाच्या नामांकित रसायन्याकडे गेला. हा ग्लासर राजाच्या बागेंत लोकांना प्रयोग करून दाखवी. पण मुद्द्याची गोष्ट आली कीं मूठ झांकलेली! थोड्याच महिन्यांत लेमरीनें त्याचा उंबरठा सोडला.

तेव्हांचे रसायनग्रंथ कसे असत? सोनें म्हणजे सूर्य, रुपें म्हणजे चंद्र, शिसें म्हणजे शनि. वाचणाऱ्यास कळूं नये, हाच पुष्कळ लिहिणाऱ्यांचा हेतु. आणि कळलें नाहीं म्हणजे दोष वाचणाऱ्याच्या बुद्धीचा!

लेमरीनें १६७५ सालीं 'कूर द शिमी', म्हणजे 'रसायनाचा पाठक्रम', हा ग्रंथ छापला. तो विद्वानांच्या लॅटिनमध्यें नव्हे, फ्रेंचमध्यें. फ्रेंचमध्यें लिहिणारा तो पहिला नव्हे. पण जिन्नस किती घ्यावा, तो कोणत्या भांड्यांत घालावा, आंच कशी ठेवावी, हें त्यानें स्वयंपाक शिकविणाऱ्या बाईसारखें उघड सांगितलें. जुनीं नांवें त्यालाहि सगळीं टाकतां आलीं नाहींत. तरी पुस्तक एखाद्या चटकदार कादंबरीसारखें खपलें, असें विद्वत्सभेचा चिटणीस फाँतनेल यानें लिहून ठेवलें आहे. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश इत्यादि भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं.

गालांद गल्लींत त्याची प्रयोगशाळा म्हणजे एक तळघर. उजेड भट्ट्यांचाच. तेथें एवढी गर्दी होई कीं प्रयोगाला जागा उरत नसे; स्त्रियाहि ऐकावयास येत.

पापडखारावर लिंबू पिळलें कीं फसफसतें, हें आपल्या घरांतल्या बायांना ठाऊक आहे. असें कां होतें? लेमरी म्हणे, आम्लाच्या कणांना कांट्यासारखीं टोंकें असतात व क्षाराच्या कणांना छिद्रें. टोंकें छिद्रांत घुसतात, म्हणून खळबळ. आज आम्हांस माहीत आहे कीं कांटे वगैरे कांहीं नसतात, व तो फेस कार्बन डायॉक्साइड वायूचा असतो. उत्तर चुकलें खरें. पण त्यांत भूत नाहीं, ग्रह नाहीं, देवाचा कोप नाहीं. पटलें नाहीं तर कोणीहि खोडून काढावें, असें तें उत्तर होतें.

एवढ्या माणसाच्या अन्नांत माती कालविली ती धर्मवेड्या राजसत्तेनें. प्रॉटेस्टंटांवर जाच वाढला तेव्हां १६८३ सालीं लेमरी इंग्लंडांत गेला, परत आला, व त्याच सालीं कां येथें वैद्यकाची पदवी घेतली. १६८५ सालीं चौदाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला. प्रॉटेस्टंटांना वैद्यकी बंद झाली. शास्त्र तेंच, हात तेच, औषधें तींच. पण प्रार्थना निराळी, म्हणून भाकरी बंद! १६८६ सालीं तो सहकुटुंब कॅथलिक झाला. कोणी त्याला भित्रा म्हणतील. पोराबाळांची चूल विझली असतां त्याचा न्याय करण्यास आम्ही तरी धजत नाहीं.

पण एका गोष्टीचा न्याय आम्ही करणार. बिस्मथ धातूपासून तोंडास लावण्याची पांढरी भुकटी तो करी. पॅरिसमध्यें ती कृति त्यालाच साधली होती, व तिच्या विक्रीवर घरखर्च चाले. ही कसबाची नस मात्र त्यानें हातची सोडली नाहीं. ग्लासरची मूठ त्याच्याहि हाताला थोडी लागलीच म्हणावयाची!

१६९९ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेंत त्याला स्थान मिळालें. पुढच्याच वर्षीं त्यानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोखंडाचा कीस व गंधक सारखे घेऊन पाण्यांत कालवावे व उन्हाळ्यांत जमिनींत पुरावे. कांहीं तासांनीं जमीन फुगते, तडकते, वाफा व ज्वाळा निघतात. ज्वालामुखी असेच होतात, असा त्याचा तर्क. तोहि टिकला नाहीं. ज्वालामुखींतून येतो तो भूगर्भांतला वितळलेला खडक.

लेमरी १७१५ सालीं पॅरिसमध्यें वारला. त्याचा मुलगा लुई हाहि रसायनज्ञ झाला. आणि १७५६ सालीं बारों नांवाच्या वैद्यानें 'कूर द शिमी' पुन्हां छापलें, तें सोबत आपल्या टीपा जोडून.