ठाण्यातील कागद

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोलीस आणि जनता यांच्या संबंधांविषयी बोलावयाचे म्हटले की वक्त्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक पोलिसांना दोष देण्याचा. त्याला टाळ्या हमखास पडतात. दुसरा त्यांच्या त्यागाचे गुणगान करून जनतेला सहकार्याचा उपदेश करण्याचा. तो २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाच्या समारंभात शोभून दिसतो. या दोन्ही मार्गांनी आजवर पुष्कळजण जाऊन आले आहेत आणि अविश्वास जेथे होता तेथेच आहे. म्हणून माणसांच्या गुणदोषांची चर्चा आज बाजूला ठेवून मी केवळ कागदाविषयी बोलणार आहे. ठाण्यात गेलेला मनुष्य काय सांगतो, त्यातले कागदावर काय येते आणि त्या कागदाला कायदा किती किंमत देतो, एवढाच माझा विषय आहे. माझ्या मते अविश्वासाचे मूळ तेथेच आहे.

आपण समजतो की पोलिसांविषयीचा अविश्वास हा लोकांच्या मनातला पूर्वग्रह आहे. चार सभा घेतल्या, शाळेतल्या मुलांना ठाणे दाखवून आणले, की तो जाईल. वस्तुस्थिती अशी की हा अविश्वास प्रथम सरकारने स्वतःच्या हाताने कायद्यात लिहून ठेवला. १८५५ साली मद्रास इलाख्यात एका चौकशी मंडळाने अहवाल दिला. सारावसुलीसाठी आणि गुन्ह्यांच्या कबुलीसाठी रयतेचा छळ होतो, हे त्या अहवालाने चव्हाट्यावर आणले. पुढे १८५७ चा उठाव झाला, राज्य कंपनीकडून राणीकडे गेले आणि १८६१ साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीच्या पोलीस कायद्याने देशभरच्या पोलीस दलाची घडण ठरवून दिली; आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बजावले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. एका हाताने दल उभारावे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे लिहावे, हा चमत्कार एकाच वर्षातला आहे! १८७२ च्या पुरावा कायद्यात तो नियम पंचविसाव्या कलमात गेला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. राणीचे राज्य गेले, प्रजासत्ताक आले, संहितांची नावे बदलली. हा नियम काही हलला नाही.

तो हलावा असे मी म्हणत नाही. तो नसता तर कोठडीत काय काय झाले असते याची कल्पनाही नको. परंतु त्याचे भाईबंद पाहा. तपासात साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहून घेतात, पण त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नाही. झडती घेताना परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच हवेत, कारण पोलिसाने एकट्याने पाहिलेले पुरेसे मानावयाचे नाही. स्त्रीला आणि पंधरा वर्षांखालील मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलवावयाचे नाही. त्यांच्या राहत्या घरी जाऊनच विचारपूस करावयाची. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा मेमो, त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातील कोणा प्रतिष्ठिताची साक्ष, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी असे दंडक घालून दिले. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. हे सर्व आवश्यक आहे. पण ज्या वास्तूविषयी कायदाच इतका सावध आहे, तिची पायरी चढताना सामान्य मनुष्य बिचकला तर त्याला भित्रा का म्हणावे? तो कायद्याच्या मनातले बरोबर ओळखतो, इतकेच.

आता या अविश्वासाची दुसरी बाजू. मुंबई इलाख्याने १८६१ चा कायदा जसाच्या तसा न घेता १८९० चा आणि मग १९५१ चा असे आपले कायदे केले; तथापि सांगाडा तोच राहिला. शिपाई वरिष्ठाला जबाबदार, वरिष्ठ सरकारला जबाबदार; ज्याच्या गल्लीत तो फिरतो त्या नागरिकाला मात्र कोणीच जबाबदार नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने या दलाला अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी ठरवले. १९७७ ते १९८१ या काळात राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले आणि ते कपाटात गेले. २००६ साली प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावयास सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ साली. मधली आठ वर्षे कोठे गेली, हे मंत्रालयालाच ठाऊक.

वरिष्ठ आणि शिपाई यांच्यात कायदा कसा भेद करतो तेही पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने पोलिसापुढची कबुली ग्राह्य धरली, पण ती अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली असेल तरच. म्हणजे ज्याचे तोंड सामान्य माणसाने क्वचितच पाहिलेले असते त्याच्यावर विश्वास, आणि ज्याच्याशी रोज गाठ पडते तो ठाणे अंमलदार संशयास्पद! त्या अंमलदाराला आपण 'मामा' म्हणतो. नाते जवळचे लावतो, मात्र तो घराकडे येताना दिसला की छातीत धस्स होते. या मामाचे दुःख कोणी विचारत नाही. आज गणपतीचा बंदोबस्त, उद्या मंत्र्यांचा दौरा, परवा निवडणूक, आणि यांतून सवड मिळेल तेव्हा गुन्ह्याचा तपास. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला तेव्हा सरकारने सैन्य बोलावून तो मोडला आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याची सोय नाही, त्याच्याकडे आपण गाऱ्हाणे ऐकण्याचे काम सोपवले आहे.

येथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. सायकल चोरीला गेलेला मनुष्य ठाण्यात जातो. त्याला काय ऐकावे लागते? "नीट शोधलीत का? कुलूप लावले होते का? अर्ज देऊन जा, बघू." तो अर्ज देतो, अर्जाची पोच मिळत नाही, गुन्हा दाखल होत नाही. हे सर्व आळसामुळे होते असे आपण मानतो. मला ते अर्धेच खरे वाटते. गुन्हा दाखल झाला की तो आकड्यात मोजला जातो, आकडा वाढला की वरून विचारणा होते, आणि विचारणेचा धनी होतो तो ठाण्याचा अधिकारी. चोरी लिहिलीच नाही तर चोरी झालीच नाही! राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरो स्वतः बजावत आला आहे की नोंदीतील वाढ ही गुन्ह्यांतील वाढ समजू नये. पण ही तळटीप वाचतो कोण? विधिमंडळात आकडा विरोधी पक्ष वाचून दाखवतो, वर्तमानपत्रे तो ठळक अक्षरांत छापतात, आणि त्याची शिक्षा सायकलवाल्याला होते. या पापात आम्हा लिहिणाऱ्याबोलणाऱ्यांचाही वाटा आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवलीच पाहिजे. कायद्यात हे शतकाहून अधिक काळ लिहिलेलेच होते. तेच पुन्हा सांगावयास घटनापीठ बसवावे लागले, यातच सर्व काही आले.

एकाची तक्रार लिहिली जात नाही, तर दुसऱ्याचे नाव गुन्हा घडण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असते. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. नावे नोंदवावयाची, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण गावात घरफोडी झाली की आजही पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? त्या पालावरच्या बाईला उद्या कोणी मारहाण केली तर ती तक्रार घेऊन कोणाकडे जाईल? जो हात तिच्या माणसांची नावे लिहीत आला, त्याच हाताकडे. तिचा अविश्वास घालवण्यासाठी तिच्यापुढे भाषण करण्याचे धैर्य मला तरी नाही.

आता आपल्या भागातील एक गोष्ट. फिर्याद लिहून घेतली की ती फिर्यादीला वाचून दाखवावी, त्यावर त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला विनामूल्य द्यावी, असे कायदा सांगतो. परंतु ती ज्या भाषेत लिहिली ती भाषाच त्याला येत नसेल तर? वाचून दाखवणे म्हणजे कानावर आवाज पडणे आणि सही म्हणजे विश्वासाची परीक्षा! बेळगाव-निपाणीकडील मराठी शेतकरी कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबाखाली सही करतो तेव्हा नेमके हेच होते. मी हे केवळ आपले दुखणे म्हणून सांगत नाही. सोलापूरच्या ठाण्यात तेलुगू विणकर, गडचिरोलीच्या ठाण्यात माडिया बोलणारा आदिवासी मराठी कागदापुढे याच अवस्थेत उभा असतो, आणि तेथे कागद आपल्या भाषेत आहे म्हणून आपल्याला ते टोचत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. आणि १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका स्थानबद्धाची सुटका केली ती याच कारणाने. त्याला इंग्रजी येत नव्हते. स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली. त्याने ती हिंदीत मागितली. सरकारचे म्हणणे असे की अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले होते. तेवढे पुरत नाही, त्याला कळणाऱ्या भाषेतला आणि लिपीतला कागदच त्याच्या हाती पडला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. स्थानबद्धाला जे मिळाले, ते सायकल हरवलेल्या माणसाला का मिळू नये?

यावर उपायच नाही असे कोणी म्हणेल, म्हणून भिवंडीकडे पाहू. यंत्रमागांच्या या गावात १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ साली तेथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दंगल पेटल्यावर ज्या नामांकित पुढाऱ्यांच्या शांतता समित्या भरतात, तशा या नव्हत्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे ठरलेल्या दिवशी एकत्र बसत; नळाचे भांडण, अफवा, पोरांची कुरबूर यांची चर्चा होई; आणि खालच्या दर्जाचा पोलीसही तेथे असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो प्रभृतींनी त्याच धर्तीचे काम उभे केले.

ही कथा येथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. वाद कशावरून? कब्रस्तानालगतच्या जागेवर बांधल्या जात असलेल्या पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून! विश्वास हा एकदा बांधून ठेवलेला वाडा नसतो. दर आठवड्याला बैठक घेणारा माणूस बदलून गेला आणि बैठक हे आपले काम आहे असे त्याच्या जागी येणाऱ्याला कोणी सांगितले नाही, की काय होते ते तेथे दिसले.

आपल्यासारख्यांच्या हाती काय आहे, असा प्रश्न मघा एका तरुण मित्राने विचारला. उपायुक्त पाठवणे आपल्या हाती नाही. कागद मात्र आहे. फिर्याद द्यावयास एकट्याने जाऊ नये, शेजारी बरोबर घ्यावा. आपल्या भाषेत लिहिलेला अर्ज सोबत न्यावा आणि तो जोडून घेण्याचा आग्रह धरावा. लिहिलेले वाचून दाखवा म्हणावे, कळेपर्यंत सही करू नये, प्रत मागून घ्यावी. शेजारच्या पालावरची बाई जायला निघाली तर तिच्याबरोबरही असेच जावे. तिला आपल्याहून अधिक गरज आहे. अंमलदाराशी अदबीने बोलावे. त्याचे पाय बहुधा सकाळपासून उभे असतात. त्याने नोंद नाकारली तर तोच मजकूर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, तशी तरतूद कायद्यातच आहे. तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. टपालाची पावती मात्र जपून ठेवावी.