लहान ट्रॅक्टर डोंगरवाटेवर नेताना



अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कुशीतली आपली भातखाचरं अरुंद आणि वाट दगडगोट्यांची. नवा लहान ट्रॅक्टर पहिल्यांदा तिथं नेला, की चढावर पुढची चाकं उचलतात, उतारावर ट्रॉली मागून ढकलते. अशा वेळी घाबरू नका, पण ट्रॅक्टर तसाच पुन्हा नेऊही नका.

पहिल्या फेरीनंतर चाकांचे सगळे नट पान्यानं आवळा. पुढची चाकं उचलत असतील तर समोर लोखंडी वजनं बसवा. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वरून ओढलं की ट्रॅक्टर मागं उलटतो. मागची चाकं घसरत असतील तर त्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरून घ्या, पकड वाढते. मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येत असेल तर वाढवा. आडव्या उतारावर तोल राहतो. डोक्यावर मजबूत संरक्षक चौकट बसवा आणि पट्टा बांधा.

उतरताना न्यूट्रल करू नका, क्लच दाबून ठेवू नका. आधीच खालचा गिअर टाका. रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असू द्या. चिखलणीची लोखंडी चाकं खाचरातच वापरा. मडगार्डवर पोराबाळांना बसवू नका.

ही कामं आवणीच्या आधी उरका. नट आवळायला अर्धा तास लागतो. ट्रॅक्टरखाली सापडलेला घरचा माणूस मात्र परत येत नाही.