सर्किट ब्रेकरचे ट्रिप युनिट

सर्किट ब्रेकर वीज तोडतो; ती केव्हा तोडायची, हे त्यातले ट्रिप युनिट ठरवते. धोके मुख्यतः दोन. भार जास्त झाला की वायर हळूहळू तापते आणि तिचे इन्सुलेशन खराब होते. शॉर्ट सर्किट झाले की प्रवाह क्षणात शेकडो, हजारो अँपिअरवर जातो. पहिल्या धोक्यात थोडी सवड देता येते, दुसऱ्यात मुळीच नाही.

घरातल्या एमसीबीत, म्हणजे छोट्या सर्किट ब्रेकरमध्ये, ही कामे दोन भाग वाटून घेतात. पहिला भाग दोन धातूंच्या जोडपट्टीचा. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि खटका सुटतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 16 अँपिअरचा एमसीबी सुमारे 18 अँपिअरवर तासभर ट्रिप होता कामा नये. सुमारे 23 अँपिअरवर मात्र तासाच्या आत व्हायलाच हवा. दुसरा भाग कॉइलचा. ‘सी’ प्रकारच्या एमसीबीत प्रवाह क्षमतेच्या पाच ते दहा पट झाला की कॉइलचे चुंबकत्व खटका तत्काळ ओढते. याला थर्मल-मॅग्नेटिक रचना म्हणतात.

तिची मर्यादा पट्टीतच आहे. उष्णता प्रवाहाची की हवेची, हे पट्टीला कळत नाही. एमसीबीची क्षमता 30 अंश सेल्सिअसला धरलेली असते. वैशाखात पत्र्याच्या शेडमधले बंद पॅनेल तापले, की तोच ब्रेकर कमी भारावरही ट्रिप होतो.

ट्रिप युनिटचा दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. त्यात प्रत्येक फेजवरचा करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह मोजतो आणि प्रोसेसर निर्णय घेतो. हवेच्या तापमानाचा या निर्णयावर फारसा परिणाम होत नाही. भाराची मर्यादा आणि शॉर्ट सर्किटसाठीचा विलंब वेगवेगळे ठरवता येतात. अनेक युनिटांत अर्थ फॉल्ट, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह, ओळखण्याचीही सोय असते. रुग्णालयाच्या मुख्य ब्रेकरला सेकंदाच्या काही दशांशांचा विलंब दिला, तर एका मजल्यावर शॉर्ट सर्किट झाल्यास त्या मजल्याचा ब्रेकर आधी ट्रिप होतो आणि शस्त्रक्रियागृहाची वीज टिकते.

मात्र साधा करंट ट्रान्सफॉर्मर डीसी प्रवाह मोजू शकत नाही. म्हणून बॅटरी आणि सौर पॅनेलच्या डीसी सर्किटांवर थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर सर्रास वापरतात. इलेक्ट्रॉनिक युनिट महागही असते, आणि त्याचे सेटिंग केबलच्या क्षमतेनुसार केले नाही, तर केबल असुरक्षितच राहते. त्यामुळे घर, दुकान आणि छोट्या सर्किटांना थर्मल-मॅग्नेटिक युनिट पुरते. मोठे मुख्य ब्रेकर आणि जनरेटर यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक युनिट योग्य ठरते.