तोल आधीं, रेडिओ मागून

१८०४ सालीं इंग्लंडांत सर जॉर्ज केली यांनीं कागदी पतंगाचा पंख लावून एक लहानसें ग्लायडर उडविलें. तोल साधण्यासाठीं त्यास पुढें सरकतें वजन होतें. रेडिओनें चालणाऱ्या आजच्या ग्लायडरासही तोच नियम लागू आहे. नवशिक्यानें प्रथम नकाशांतील तोलबिंदूवर, पंखांखालीं दोन बोटें टेकून तें तोलावें; शेपूट जड भरल्यास नाकांत शिसें घालावें. मग मोकळ्या माळावर वाऱ्याकडे तोंड करून, समपातळींत, हलकेंच सोडावें. सरळ तरंगत उतरलें, तरच उंच चढवावें. चालकाकडे परततांना डावें-उजवें उलटें भासतें, हें विसरूं नये. रेडिओ दिशा देतो. तोल हातांनींच द्यावा लागतो. हा क्रम चुकल्यास कित्येक आठवड्यांचे श्रम क्षणांत मातीस मिळतात.