वालाच्या दाण्यातलं रसायन



विद्यापीठातल्या संशोधनाविषयी आपल्याकडे दोन मतं नेहमी ऐकू येतात. पहिलं मत असं की ते सगळं पदवीपुरतं असतं. प्रबंध बांधून होतो आणि ग्रंथालयात धूळ खात पडतो. दुसरं मत असं की त्यातून झटपट पेटंट निघावं, कारखाना उभा राहावा, नाहीतर तो सरकारी पैशांचा अपव्यय. ही दोन्ही मतं मला पटत नाहीत. का पटत नाहीत ते मी एका बाईंच्या कामाच्या आधाराने सांगणार आहे. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई आपल्या घराघरांत पोचल्या. कमलाबाईंचं काम मात्र प्रत्येकाच्या ताटाशी निगडित असूनही त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्यांच्या तरुणपणीची हकिकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मुकाट्याने परत फिरल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर. वर्ष सरलं, काम पाहून रामन यांचं समाधान झालं आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडलं. रामन यांच्या विज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही तो अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे. कमलाबाईंनाही तो अपमान जन्मभर विसरता आला नाही.

बंगळूरला श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथला जीवरसायन विभाग सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हे गृहस्थ स्त्री संशोधकांना बरोबरीने वागवणारे म्हणून ओळखले जात. तिथे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ सापडलं. पेशीच्या श्वसनात भाग घेणारं हे रंगद्रव्य वनस्पतीतही असतं, हे त्यातून दिसलं. अवघ्या चौदा महिन्यांत, टंकलिखित चाळीसएक पानांचा प्रबंध लिहून त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून १९३९ हे साल आपण सांगतो.

पण माझा आजचा विषय खरा सुरू होतो तो त्या मुंबईला आल्यावर. दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा असा प्रवास करून, लग्नानंतर त्या मुंबईत स्थायिक झाल्या आणि फोर्टातल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. विभाग नवा. केंब्रिजचं वैभव तिथे कुठून असणार? अशा ठिकाणी बरेच जण परदेशी गुरूचाच प्रश्न पुढे रेटत बसतात. कमलाबाईंनी आपल्या बाजारात, आपल्या चुलीवर काय आहे ते पाहिलं.

वाल घ्या. कोकणी घरात वालाचं बिरडं म्हणजे सणाचं जेवण. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग चांगलं शिजवायचं. एवढा खटाटोप का? चवीसाठी आणि साल निघावी म्हणून, असं आपली आजी सांगेल आणि ते खरंच आहे. पण दाण्याच्या आत आणखी एक गोष्ट दडलेली असते. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं एक विकर असतं. कच्च्या कडधान्यांत अशी काही प्रथिनं असतात, जी या ट्रिप्सिनलाच घट्ट धरून बसतात आणि त्याचं काम बंद पाडतात. खाल्लेलं प्रथिन मग पुरतं पचत नाही. कच्चं सोयाबीन खाऊन उंदीर वाढत नाहीत आणि तेच शिजवून दिलं की वाढतात, हे अमेरिकेत ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं. आपल्या वाल-पावट्यांचं काय, हा प्रश्न मात्र आपणच सोडवायचा होता.

तो कसा सोडवतात, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन एका नळीत घ्यायचं, त्यात ट्रिप्सिन घालायचं आणि शरीराच्या तापमानाला, सदतीस अंशांवर ठेवायचं. दुसऱ्या नळीत हेच सगळं, पण ट्रिप्सिनबरोबर वालाच्या पिठाचा गाळलेला अर्क. ठरावीक वेळ झाली की दोन्हींत ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घालायचं. न पचलेलं प्रथिन दह्यासारखं साकळून खाली बसतं; पचलेले तुकडे द्रवात विरघळलेले राहतात. द्रव गाळून ते तुकडे मोजायचे. दुसऱ्या नळीत ते कमी भरले, तर अर्कात ट्रिप्सिनला अडवणारं काहीतरी आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलाला वा मुलीला नीट शिकवलं, तर हा प्रयोग जमतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांची अशी तपासणी १९५४ साली प्रसिद्ध केली. पाठोपाठ १९५५ मध्ये वाल आणि डबल बी यांतली ट्रिप्सिनरोधक प्रथिनं शुद्ध स्फटिकरूपात वेगळी काढल्याचं त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केलं. प्रथिन स्फटिकरूपात आणणं हे त्या काळी फार कसबाचं काम मानलं जाई, आणि ते मुंबईच्या एका कॉलेजवजा संस्थेत झालं.

ही प्रथिनं ओल्या उष्णतेने, म्हणजे पाण्यात नीट शिजवल्याने, बरीचशी निकामी होतात. रसायन इथे थेट आरोग्याला भेटतं. मांस-मासे न परवडणाऱ्या घरात प्रथिनं मिळतात ती डाळी-कडधान्यांतून. ती अर्धीकच्ची राहिली तर पोट भरूनही मुलाला त्यातलं थोडंच लागतं. इंधनाचा खर्च वाचवणाऱ्या घराला हे सांगणं गरजेचं असतं.

कडधान्यांनंतर दुसरं उदाहरण नीरेचं. हे काम त्यांनी हाती घेतलं ते राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा १९४९ चा. ताडाच्या रसाचं करायचं काय, हा तेव्हाचा जिवंत प्रश्न होता. हा रस आंबला की ताडी होते; आंबू न देता पहाटे उतरवला तर नीरा हे गोड पेय. कमलाबाईंच्या गटाला त्यात उपयुक्त जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं, आणि कुपोषित आदिवासी मुलं व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. तिथेही बराच उशीर लावला गेला, ते मी लांबवत नाही.

ग्राहक चळवळीतलं त्यांचं काम मला याच कामाचा पुढचा भाग वाटतं. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. त्यांत कमलाबाई होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या लिहीत. जीवरसायनाची प्राध्यापक गृहिणीशी भेसळीबद्दल बोलते, तेव्हा विद्यापीठ चार भिंतींबाहेर आलेलं असतं.

आता आजच्याकडे येतो. स्वातंत्र्यानंतर आपण राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. तिथे उत्तम काम झालं, आजही होतं. पण त्या ओघात संशोधन एकीकडे गेलं आणि शिकवणं महाविद्यालयांत उरलं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग करणारा शिक्षक दिसेनासा झाला. त्याची प्रयोगवही ठरलेल्या उत्तरांनी भरते. आकडा जुळला नाही तर शेजारच्याचा उतरवून घेतो. ही त्याची लबाडी मी मानत नाही. न जुळणारा आकडाच कधीकधी महत्त्वाचा असतो, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. कमलाबाईंचे विद्यार्थी ते रोज पाहत होते. ‘नेचर’मधल्या लेखाइतकंच मोल मी त्या शिक्षणाला देतो.

श्रोत्यांत महाविद्यालयांच्या व्यवस्थापनात असलेली मंडळी आहेत, प्राध्यापक आहेत. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. विज्ञान विभागातल्या रिकाम्या जागा आधी भरा. येत्या जूनपासून पदवीच्या शेवटच्या वर्षाला उत्तर आधीपासून माहीत नसलेला एक तरी प्रयोग ठेवा. विषय तालुक्यातलाच घ्या: तुमच्याकडची कुळथी, नाचणी, विहिरीचं पाणी, शाळेतल्या खिचडीची डाळ. महागड्या यंत्रावाचून होण्यासारखं यात पुष्कळ आहे. आणि जे निघेल ते त्या गावात जाऊन, मराठीत सांगा.