मोटारसायकलवरून भूतान

परदेश म्हटला कीं समुद्र ओलांडावा लागतो, अशी समजूत आपल्याकडे अद्याप पुष्कळांची आहे. परंतु स्वतःच्या अंगणांत उभी असलेली मोटारसायकल चालवीत जेथें जातां येतें, असा एक परदेश भारताच्या ईशान्येस आहे. तो म्हणजे भूतान. रजा काढून तिकडे जाणाऱ्या तरुणांपैकीं कांहीं तृप्त होऊन परततात, तर कांहीं नुसते थकून परततात. हा भेद वाहनाच्या शक्तीमुळें पडत नाहीं. प्रवासाची आंखणी कशी केली यावरून तो पडतो.

ज्या वाटेनें जावयाचें तिचा इतिहास प्रथम ध्यानांत घ्यावा. सप्टेंबर १९५८ मध्यें पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हां भारतांतून तेथवर मोटारीचा रस्ताच नव्हता. सिक्कीममधील नथु ला ही खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यांतून, घोड्यावर व याकवर बसून ते पारो येथें पोंचले. पुढें १९६१ सालीं भारत सरकारनें ‘दंतक’ हा प्रकल्प स्थापन केला, आणि डोंगर फोडून फुन्त्शोलिंगपासून राजधानी थिंफूपर्यंत रस्ता तयार झाला. अशा घाटांच्या कामांत अनेकांचे प्राण खर्चीं पडले. आजचा प्रवासी जो चढ एका दिवसांत चढून जातो, त्याची ही किंमत आहे.

पश्चिम बंगालमधील जयगांव आणि भूतानांतील फुन्त्शोलिंग हीं गांवें एकमेकांस लागूनच आहेत. फुन्त्शोलिंगहून थिंफू सुमारें १५० किलोमीटर. देशावरच्या सपाट रस्त्यावर हें अंतर तीन तासांचें म्हणतां येईल. येथें सहा तास धरावे. कारण फुन्त्शोलिंग समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटरांवर, तर थिंफू सुमारें २३०० मीटरांवर आहे. गेडूच्या आसपास भर दुपारीं धुकें उतरतें आणि समोरचें वळण दिसेनासें होतें. पावसाळ्यांत दरडी कोसळतात. हिंवाळ्यांत उंच खिंडींत पहांटे बर्फ गोठलेलें असतें. म्हणून मार्च ते मे, अथवा सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर, हे दिवस निवडावे. किलोमीटरांवरून नव्हे, तर उजेडाच्या तासांवरून मुक्काम ठरवावा, हें या आंखणीचें पहिलें सूत्र होय.

पुण्याहून जयगांव दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ज्यास तितका वेळ नाहीं त्यानें वाहन आगगाडीनें न्यू जलपाईगुडीस पाठवावें. मात्र तत्पूर्वीं टाकींतील पेट्रोल काढून टाकावें लागतें. सिलिगुडीस भाड्यानेंहि वाहन मिळतें. भारतीय नागरिकास भूतानसाठीं व्हिसा लागत नाहीं. पारपत्र अथवा मतदार ओळखपत्र यांवर प्रवेशाचा परवाना मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून दर रात्रीस माणशीं १२०० रुपये शुल्क आहे. आठ रात्रींचे ९६०० रुपये प्रथमच बाजूस काढून ठेवावे. वाहनाचा परवाना व वाटाड्या यांविषयींचे नियम बदलत असतात. ते निघण्यापूर्वीं भूतानच्या पर्यटन खात्याकडून समजून घ्यावे. कांहींजण या शुल्कावर कुरकुरतात. परंतु दूरचित्रवाणी व इंटरनेट यांना ज्या देशानें १९९९ सालींच दार उघडलें, तो पाहुण्यांची गर्दीहि मोजूनच आंत घेणार, हें स्वाभाविक आहे.

आतां दिवसांची वांटणी. पहिला दिवस फुन्त्शोलिंगला कागदपत्रांसाठीं, दुसरा थिंफूच्या घाटासाठीं, तिसरा थिंफूंतच. या राजधानींत चौकाचौकांत लाल-हिरवे दिवे नाहींत. मुख्य चौकांत पोलीस हातांनीं वाहतूक वळवितो. चौथ्या दिवशीं सुमारें ३१०० मीटर उंचीची दोचुला खिंड ओलांडावी. तेथें १०८ स्तूप आहेत. आपल्या जपमाळेच्या मण्यांइतकीच ही संख्या. पण २००३ सालच्या लढाईंत पडलेल्या सैनिकांच्या स्मृतीसाठीं ते उभारलेले आहेत, हें जाणून वाहनाचा आवाज तेथें आवरावा. पलीकडे पुनाखा. फो-छू व मो-छू या नद्यांच्या संगमावरचा तेथील किल्लेवजा मठ १६३७ सालीं बांधावयास घेतला. पुनाखांत दोन रात्री काढून पारोस यावें आणि तेथून सुमारें ३९८८ मीटर उंचीच्या चेले ला खिंडींतून हा खोऱ्यांत उतरावें. एवढें झाल्यावर एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. दरड कोसळली, ताप आला, चाक बिघडलें, तर तोच उपयोगीं पडतो. ज्याच्याजवळ मोकळा दिवस नसतो तो रात्रीं घाट उतरूं पाहतो, आणि बहुतेक अनर्थ तेथेंच होतात.

खाण्याविषयीं एक सूचना. भूतानांत मिरची हा मसाला नव्हे, भाजी आहे. ‘एमा दात्शी’ म्हणजे मिरच्या व चीज यांचें कालवण. सोबत तांबड्या तांदळाचा भात. कोल्हापुरी रश्श्यावर वाढलेल्यानेंहि पहिला घास बेतानेंच घ्यावा. शाकाहारी मनुष्यास बटाट्याचें ‘केवा दात्शी’ आहे. हा खोऱ्यांत कुट्टूच्या पिठाचे ‘होएन्ते’ नांवाचे उकडलेले मोदकवजा पदार्थ मिळतात. ‘सुजा’ हा लोणी व मीठ घातलेला चहा आहे; तो चहा समजून प्याल्यास निराशा होते, सार समजून प्याल्यास थंडींत त्याची गोडी कळते. विडाहि तेथें आहे. ‘डोमा’ म्हणजे नागवेलीचें पान, चुना व ओली सुपारी. ती इतकी कडक असते कीं नवख्यास दरदरून घाम फुटतो; ती खाऊन लगेच वाहनावर बसूं नये.

‘आरा’ हें धान्यापासून घरोघर काढलेलें मद्य पाहुण्यास प्रेमानें पुढें केलें जातें. ज्यास तें वर्ज्य नाहीं त्यानें वाहनाची किल्ली खुंटीस लावल्यावर, रात्रीच्या जेवणाबरोबर, थोडें चाखावें. दुपारीं एक पेला घेऊन घाटास लागणें म्हणजे स्वतःच्या व समोरून येणाऱ्या निरपराध माणसाच्या जिवाशीं खेळणें होय. यजमानास नम्रपणें नकार दिल्यानें तेथें कोणी रागावत नाहीं.

सर्वांत शेवटीं तक्त्सांग. पारोच्या कड्यावर सुमारें ३१०० मीटरांवर हा मठ १६९२ सालीं बांधला गेला, १९९८ सालीं आगींत सांपडला व पुन्हां उभा राहिला. तेथें कोणतेंहि वाहन जात नाहीं. ती पायथ्याशीं ठेवावी, आणि जाऊन येऊन पांच-सहा तास पायीं चालावें. मंदिरांत छायाचित्रें घेतां येत नाहींत; कॅमेरा व दूरध्वनि बाहेर ठेवावे लागतात. ज्यानें आपल्या आंखणींत या पायपिटीस पुरा एक दिवस राखून ठेवला असेल, त्यास भूतान भेटला असें म्हणावें. इतरांस नुसता रस्ता भेटतो.